विष तेलात नव्हे, पेंडीत राहते

‘एरंडाच्या बीत रायसिन हे जहाल विष असल्याने एरंडेलही पोटात घेणे धोक्याचे’ हे लेखातील विधान मला पटले नाही. रायसिन हे प्रथिन आहे. ते तेलात उतरत नाही, गाळपानंतर पेंडीत राहते आणि पुरेशा उष्णतेने निष्प्रभ होते. माझी आजी बांधावरच्या एरंडाच्या बिया भाजून, पाट्यावर वाटून तो लगदा पाण्यात बराच वेळ उकळत असे आणि वर तरंगणारे पिवळसर, दाट तेल पळीने अलगद काढून, त्यातील पाण्याची चुरचुर थांबेपर्यंत पुन्हा कढवत असे. त्या उकळण्यामागचे शास्त्र मला कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना उमगले.

सावधगिरी हवी ती दुसरीकडे, आणि तीच लेखात नाही. कच्ची पेंड शेताला उत्तम खत आहे, पण ती गुरांच्या दावणीत कधीही जाता कामा नये. शिवाय तेलातील सुमारे ८५ ते ९० टक्के भाग असलेले रिसिनोलेइक आम्ल आतड्यांप्रमाणेच गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावते, म्हणून गरोदर स्त्रीने बद्धकोष्ठतेसाठीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय एरंडेल घेऊ नये. एवढी दुरुस्ती लेखात अवश्य करावी, ही विनंती.