‘पहिली तीन ठिकाणं गाळली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गेल्या रविवारी तुम्ही घरच्यांना घेऊन आमच्या फोर्टमधल्या हेरिटेज वॉकला आलात आणि नाराज होऊन गेलात. तुमच्या सुट्टीच्या सकाळचा विरस झाला, त्याबद्दल क्षमस्व.

पण एक तारा देऊन तुम्ही जे लिहिलंय, की ‘यादीतली पहिली तीन ठिकाणं गाळली, गाइडने सतत घाई केली, माणशी ७०० रुपये घेऊन अर्धाच वॉक दाखवला’, ते वाचून कुणालाही वाटेल की आम्ही लोकांना फसवतो. म्हणून त्या दिवशी वेळेचं नेमकं काय झालं ते सांगणं मला भाग आहे. लांबेल थोडं, पण वाचा.

वॉक सकाळी ७ वाजता एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून सुरू होतो आणि गेटवे ऑफ इंडियाला संपतो. बुकिंग करताना हे दिसतं. शिवाय शनिवारी रात्री मी स्वतः सगळ्यांना मेसेज करते, लोकेशन पाठवते, सोबत पायऱ्यांचा फोटो टाकते. तुम्हालाही पाठवला होता. दोन्ही टिका निळ्या झालेल्या आहेत आणि खाली तुमचा अंगठाही आहे. तरी तुम्ही गेटवेला जाऊन थांबलात. होतं असं, बाहेरून येणाऱ्याला मुंबई दर्शन म्हटलं की पहिला गेटवेच आठवतो. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तुमचा फोन आला ७.२० ला. तोवर आम्ही तुमच्यासाठी पंधरा मिनिटं पायऱ्यांवर थांबून मग निघालो होतो. ग्रुपमध्ये डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून आलेल्या एक आजी होत्या, पावणेसातपासून बसलेल्या. त्यांना आणखी किती ताटकळत ठेवायचं? तुम्ही टॅक्सीने फ्लोरा फाउंटनला पोचलात तेव्हा आठ वाजून गेले होते. टाउन हॉल, हॉर्निमन सर्कल आणि सेंट थॉमस कॅथेड्रल ही तीन ठिकाणं तोपर्यंत बाकीच्यांची बघून झाली होती. म्हणजे आम्ही ती गाळली नाहीत, सर. तुमची ती चुकली.

आता तुम्ही म्हणाल, मग थोडं उशिरा का नाही सुरू करत? कारण फोर्टची रविवारची सकाळ फार थोडा वेळ असते. सातला हॉर्निमन सर्कलच्या रस्त्याच्या मधोमध उभं राहून कमानी बघता येतात, गाड्या नसतात. कॅथेड्रलमध्ये प्रार्थना सुरू व्हायच्या आत डोकावून यायचं असतं. साडेनऊनंतर ओव्हल मैदानाच्या बाजूला ऊन असं लागतं की वयस्कर माणसं वर मान करून राजाबाई टॉवर बघूच शकत नाहीत. आणि गेटवेला दहानंतर गर्दी इतकी वाढते की गाइडचा आवाज दुसऱ्या रांगेतल्यालाही ऐकू येत नाही. एक टप्पा वीस मिनिटं लांबला की त्याचा फटका शेवटच्या टप्प्याला बसतो. तुम्हाला जी घाई वाटली ती याची होती.

त्या तीन ठिकाणांचं मला स्वतःलाच वाईट वाटतं, कारण पुढचा सगळा वॉक त्यांच्यावर उभा आहे. टाउन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या तीस पायऱ्यांवर उभं राहिलं की समोरचं वर्तुळ एका नजरेत येतं. इथे आधी बॉम्बे ग्रीन नावाचं मोकळं मैदान होतं, कापसाच्या गासड्या पडलेल्या असायच्या, आणि टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली दलाल जमून शेअरचे सौदे करायचे. पुढे त्या मैदानाचं गव्हर्नर एलफिन्स्टनच्या नावाचं एलफिन्स्टन सर्कल झालं. स्वातंत्र्यानंतर त्याला नाव दिलं ते बेंजामिन हॉर्निमन यांचं. हा माणूस इंग्रज, ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक. जालियनवाला बागेच्या बातम्या बाहेर काढल्या म्हणून त्याच्याच सरकारने १९१९ मध्ये त्याला हिंदुस्थानातून हद्दपार केलं. गव्हर्नरचं नाव काढून अशा माणसाचं नाव लावणारं शहर आहे हे, आणि आमचा वॉक इथूनच सुरू व्हावा हा माझा हट्ट आहे.

तिथून दोन पावलांवर सेंट थॉमस कॅथेड्रल. १७१८ च्या नाताळात ते खुलं झालं. इंग्रजांच्या काळी मुंबईतली मैलांची अंतरं या चर्चपासून मोजत, तसे कोरलेले दगड शहरात आजही आहेत. आणि किल्ल्याच्या तटाला या चर्चकडे येणारा जो दरवाजा होता तो चर्च गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत तट पाडले, आणि त्या दरवाजाच्याच जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. तुम्ही टॅक्सीतून जिथे उतरलात ती किल्ल्याची वेस होती, सर. आमच्या गाइडने तुम्हाला हे दोन वाक्यांत सांगितलं, कारण बाकीच्यांनी ते नुकतंच सविस्तर ऐकलं होतं. त्यालाच तुम्ही ‘तुटक बोलणं’ म्हटलंय.

तिच्याबद्दल तुम्ही ‘पाठ केलेलं म्हणून दाखवते’ असंही लिहिलंय. हे मात्र मला लागलं. ती इतिहासात एमए आहे. तारखा सांगताना अडखळत नाही, याला पाठांतर म्हणू नये. हुतात्मा स्मारकापाशी शेतकरी आणि कामगाराच्या पुतळ्याकडे बघत तिने २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार सांगितला, तेव्हा डोंबिवलीच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला होता. पाठ केलेलं ऐकून असं होत नाही. आणि काळा घोडाला तुमच्या मुलीने विचारलं, ‘घोड्यावर कुणी बसलेलं का नाही?’ तेव्हा घाई असूनही ती तिच्यासाठी खाली वाकून थांबली. मूळ पुतळ्यावर सातवा एडवर्ड होता, १९६५ मध्ये तो तिथून हलवून पुढे राणीच्या बागेत नेला, आणि आत्ताचा घोडा २०१७ मध्ये आला तो मुद्दामच स्वाराविना, हे तिने त्या मुलीला समजेल अशा भाषेत सांगितलं. तुमची मुलगी पुढे गेटवेपर्यंत तिचा हात धरून चालत होती. हे तुम्ही पाहिलं असेल.

राजाबाई टॉवरवर चढू दिलं नाही, अशीही तक्रार आहे. तिथे वर कुणालाच नेता येत नाही, ते आमच्या हातात नाही. म्हणून आम्ही तो ओव्हल मैदानातून दाखवतो. तिथून तो पूर्ण दिसतो. शेअर दलाल प्रेमचंद रायचंदांनी आई राजाबाईंच्या नावासाठी दिलेले दोन लाख रुपये, १८७८ मध्ये पूर्ण झालेलं काम, शेजारी हायकोर्ट, आणि पाठ वळवली की मैदानापलीकडे आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. ते एकाच जागी उभं राहून दिसतं, आणि त्यासाठी आम्ही तिथे सगळ्यात जास्त वेळ ठेवतो. त्यातला बराचसा वेळ तुम्ही फोनवर होतात. कामाचे फोन सगळ्यांनाच येतात, मी कशाला नावं ठेवू? पण तुमच्यासाठी ग्रुप तिथेही थांबला, आणि मग वॉटसन हॉटेलसमोरची पाच मिनिटं कापावी लागली. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा जिथे दाखवली गेली ती इमारत चालता चालता दाखवावी लागली, याचं मलाच जास्त दुःख आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूत आलेलीच नाही. गेटवेला वॉक संपल्यावर मी तुम्हाला म्हटलं होतं, की चला, टॅक्सीने परत हॉर्निमन सर्कलला जाऊ, राहिलेलं मी दाखवते, वेगळे पैसे नकोत. तुम्ही म्हणालात, ‘आता बास, मुलांना भूक लागलीय.’ तेही बरोबरच होतं. पण मग ‘विचारलंसुद्धा नाही’ असं लिहायला नको होतं.

सर, आमच्यामागे मोठी कंपनी नाही. मी, ही एक सहकारी, आणि थंडीच्या दिवसांत मदतीला येणारी कॉलेजची दोन मुलं. मे महिन्यात उन्हामुळे आणि पुढे पावसाळाभर काम जवळजवळ बंद असतं. वर्षाचा खर्च थंडीच्या चार महिन्यांच्या रविवारांवर निघतो. लोक आधी तारे बघतात, मग आमचं नाव वाचतात. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन ग्रुपनी चौकशी करून बुकिंग केलं नाही. त्याचं कारण हेच, असं मी म्हणणार नाही, पण मनात येतंच.

तुमच्या सूचनांमधलं घेण्यासारखं आम्ही घेतोय. मेसेजमध्ये सुरुवातीची जागा आणखी ठळक लिहू, उशीर झालेल्यांसाठीही काहीतरी सोय करायचा विचार आहे, पाणी वगैरे बाकी गोष्टीही बघतोय.

पूर्ण पैसे परत देणं मला शक्य नाही, कारण वॉक झाला आणि गाइडचं मानधनही दिलं गेलं. पण राहिलेली तीन ठिकाणं बघायला कुठल्याही रविवारी या, सगळे या, एक रुपयाही घेणार नाही. आदल्या दिवशी फक्त एक मेसेज टाका. तारे वाढवा असं मी सांगणार नाही, ते तुमचं मत आहे. ‘तीन ठिकाणं गाळली’ आणि ‘विचारलंसुद्धा नाही’ ही दोन वाक्यं मात्र दुरुस्त करा, एवढी विनंती आहे.