लग्न तिकडे, सही वांद्र्याला

परदेशात लग्न करायचं ठरलंय? उत्तम. आता देश फोटो बघून निवडा, तिथल्या कायद्याकडे ढुंकूनही बघू नका. फ्रान्समधला द्राक्षमळा आवडला ना? भरून टाका ॲडव्हान्स. ज्या गावात लग्न लागणार, तिथे दोघांपैकी एकाचं किंवा कुणाच्या तरी आईवडिलांचं बिऱ्हाड हवं, नाहीतर निदान महिनाभराचा सलग मुक्काम, असं तिथला कायदा म्हणतो. तुमचं पॅकेज चार रात्रींचं. मामांना पुढे पाठवू म्हणाल, तर ते चालत नाहीत. मुलीला बोहल्यावर आणण्याचा मामांचा अधिकार फ्रान्सने अजून मान्य केलेला नाही.

स्वित्झर्लंडमध्ये सरकारी लग्नाआधी धार्मिक लग्न लावता येत नाही. तेव्हा मुहूर्त काढताना गुरुजींना पंचांगासोबत तिथल्या कचेरीच्या सुट्ट्याही बघायला सांगा. इंग्लंडला तर लग्नासाठी व्हिसाच वेगळा. साध्या पर्यटक व्हिसावर राजवाडा बघा आणि परत या.

खरी मजा कागदांची. बऱ्याच देशांना तुम्ही अविवाहित असल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे लग्न झालेल्यांची नोंद असते, न झालेल्यांची सरकारदरबारी नसते. ती असते सोसायटीतल्या काकूंकडे: कुठलं स्थळ कधी आलं, कशावरून फिसकटलं, तारीखवार. पण काकूंवर शिक्का मारून मिळत नाही. म्हणून ‘मी अविवाहित आहे’ असं प्रतिज्ञापत्र करायचं, त्यावर नोटरी, नोटरीवर राज्य सरकार, राज्य सरकारवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असं परदेशाला सांगणारा शिक्का. ही अपोस्टिलची सोय 1961च्या हेग करारातली, भारत तीत 2005 साली आला. दुबई त्या करारात नाही, तिथे वकिलातीचा आणखी एक शिक्का. म्हणणं तुमचंच, फक्त आता ते चार जणांना पटलेलं असतं.

जन्मदाखल्यावर तुमचं नावच नाही, नुसतं ‘मुलगा’ आहे, असं निघालं तर दचकू नका. नोंद बारशाआधी झाली होती आणि नाव घालायला पुन्हा वॉर्ड ऑफिसात जायला बाबांना वेळ झाला नव्हता. अजून झालेला नाही.

मग तिथल्या भारतीय वकिलातीतच लावू, असा विचार येईल. जरूर. त्यासाठी 1969चा विदेशी विवाह कायदा आहे. दोघांपैकी एक भारतीय हवा, आणि एक जण नोटिशीआधी तीस दिवस तिथे राहिलेला हवा. म्हणजे पुन्हा तोच महिना.

जाणते मुंबईकर काय करतात ते सांगतो, बाहेर बोलू नका. खरं लग्न वांद्र्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात, 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, बाजूला दुसऱ्याच जोडप्याचे पेढे. मग बालीला जाऊन समुद्रासमोर अंतरपाट धरायचा आणि मंगलाष्टकांना डोळे पाणवू द्यायचे. विमानाने आलेल्या पाहुण्यांना लग्न आजच लागतंय असं वाटतं, ते वाटू द्यावं. आहेर त्यावर अवलंबून असतो.

एकच काळजी घ्या. ती नोटीस कार्यालयात लावतात आणि कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकतीची कारणं कायद्याने ठरवून दिली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं वगैरे. आत्याला बालीचं तिकीट काढलं नाही, हे त्यात बसत नाही. तरी तिला नोटिशीची तारीख न कळलेली बरी.