डिट्टो मॅचिंग

लग्नघरात कामांची वाटणी होते तेव्हा हॉल, आचारी आणि भटजी ही खाती पुरुषमंडळी मोठ्या रुबाबात आपल्याकडे घेतात आणि साड्यांना मॅचिंग ब्लाउजपीस आणण्याचे काम ‘तू तर फिजिक्स शिकवतेस’ या कारणास्तव माझ्या गळ्यात पडते. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते. दुर्दैवाने तो आहे आणि मला तो ठाऊक आहे, म्हणूनच माझे हाल चारचौघींपेक्षा अधिक होतात. इतर बायका रंग जुळला की पैसे देऊन घरी जातात. मला मात्र काउंटरपाशी उभे राहिल्यावर हे जुळणे नेमके कुठे घडले, कापडात, छतावरच्या दिव्यात की माझ्या डोक्यात, असा प्रश्न पडतो आणि मागची गर्दी ‘अहो, घेताय ना?’ असे विचारू लागते.

या खेपेला प्रकरण आईच्या मोरपंखी पैठणीचे होते. मॅचिंग सेंटर कोणत्याही गावातले असो, आतून सारखेच दिसते: भिंतींवर छतापर्यंत रंगांच्या क्रमाने रचलेले टू बाय टू रुबिया या सुती कापडाचे तागे, मधे काचेचे काउंटर, वर पांढऱ्याशुभ्र एलईडीच्या पट्ट्या आणि त्यांच्याखाली एक काका, ज्यांना पदराचे टोक नुसते दाखवले की ते मान न वळवता हात मागे नेऊन हवा तो तागा ओढतात. काकांनी ओढलेला तागा पदरावर पसरला आणि ‘डिट्टो’ असा एका शब्दात निकाल दिला. तो खरोखरच डिट्टो होता. मी पाकिटाला हात घालणार, तोच ते म्हणाले, ‘ताई, आधी दारात नेऊन उजेडात बघा, मग कापतो. कापलेला पीस परत घेत नाही.’ दारात गेल्यावर पैठणी मोरपंखीच राहिली, पण रुबियावर मात्र अशी काही शेवाळी झाक आली, की हे दोन रंग काही क्षणांपूर्वी सख्ख्या बहिणी दिसत होते यावर कोणाचाही विश्वास बसला नसता.

आता यात काकांचा दोष नाही, रुबियाचा नाही आणि माझ्या चष्म्याचाही नाही. प्रकाशकिरणांना स्वतःचा रंग नसतो, आपल्या ठायी रंगाची संवेदना जागवण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते, हे न्यूटनने 1704 साली छापलेल्या ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवले आहे. कापड एवढेच करते, की अंगावर पडलेल्या प्रकाशातल्या काही तरंगलांब्या शोषून घेते आणि उरलेल्या परत पाठवते. त्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पोहोचतात, तेथे सुमारे 60 लाख शंकुपेशी बसलेल्या असतात, परंतु त्यांचे प्रकार अवघे तीन: एक लांब तरंगलांब्यांना अधिक दाद देणारा, एक मधल्यांना आणि एक आखूड तरंगलांब्यांना. थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने 1802 च्या सुमारास हा तीनांचा तर्क केवळ विचार करून मांडला होता. त्याला कोणी ब्लाउजपीस आणायला पाठवले असते तर कदाचित तो आणखी लवकर सुचला असता. म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरपर्यंत पसरलेला सगळा वर्णपट मेंदूकडे जाताना केवळ तीन बेरजांच्या रूपाने जातो, आणि बारावीच्या दोन मुलांना 84 टक्केच पडलेले असले तरी एकाचे गणितातले आणि दुसऱ्याचे संस्कृतमधले असू शकतात, तसे पूर्णपणे वेगळे वर्णपटही तिन्ही बेरजा जुळल्या की डोळ्याला तंतोतंत एकच रंग म्हणून दिसतात. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. काका त्याला ‘दुकानात असंच दिसतं’ म्हणतात, आणि माझ्या मते काकांची व्याख्या अधिक उपयोगाची आहे.

मुळात रेशीम आणि सूत सहसा एकाच रंगाने रंगत नाहीत. रेशमाला आम्लधर्मी रंग धरतात, सुताला वेगळ्या जातीचे रंग लागतात, पॉलिएस्टरचे तर कुळच निराळे. त्यामुळे रेशमाचा मोरपंखी आणि सुताचा मोरपंखी एकाच दिव्याखाली जुळले, तरी दिवा बदलताच फारकत घेण्यास मोकळे असतात. त्यातून दिवा एलईडीचा. ज्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना 2014 चे नोबेल मिळाले, तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर चढवून आजचा नेहमीचा पांढरा दिवा होतो. त्याचा वर्णपट काढला तर 450 नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका दिसतो, पुढे पिवळ्याचे पसरट पठार दिसते आणि या दोहोंच्या मधे, साधारण 480 पाशी, एक खोल दरी असते. मोरपंखीचा जीव नेमका त्या दरीत! आईने अबोली किंवा लिंबोणी रंगाची पैठणी घेतली असती तर मला एवढा खोल विचार करावा लागला नसता.

कापड गिरण्यांत यावर उपाय म्हणून प्रकाशपेटी असते. तिच्यात कापडाचे तुकडे ठेवायचे आणि बटणे दाबून आलटून पालटून दुपारच्या उजेडात, दुकानी ट्यूबलाइटमध्ये आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली बघायचे. मॅचिंग सेंटरची प्रकाशपेटी म्हणजे दुकानाचा उंबरठा. तेथे हाताला साड्या गुंडाळून उन्हाकडे तोंड करून उभ्या असलेल्या बायका दिसतात, त्या रस्ता अडवत नसून प्रयोग करत असतात, हे वाहतूक पोलिसांना कोणीतरी समजावून सांगायला हवे. उंबरठ्यावरही निर्वेध सूर्यप्रकाश मिळेलच असे नाही. या दुकानापुढे निळी ताडपत्री बांधली होती आणि तिच्यातून गाळून आलेल्या प्रकाशात माझा हातसुद्धा आजारी दिसत होता. मेंदू अशा वेळी उजेडाचा रंग अंदाजाने वजा करतो, म्हणून तर बल्बखालचा आणि सावलीतला कागद आपल्याला सारखाच पांढरा वाटतो. पण ही वजाबाकी मोघम असते आणि आईची नजर मोघम नसते. अखेर मी ताडपत्रीच्या बाहेर, म्हणजे रिक्षांच्या मधे, जाऊन उभी राहिले.

तेथे स्वच्छ उन्हात एक नवीनच पेच उभा राहिला. पैठणी धूपछाव होती. तिचा ताणा, म्हणजे उभा धागा, हिरवा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, निळा, त्यामुळे हात जरा तिरपा केला की निळी आणि सरळ केला की हिरवी. आत येऊन हे सांगितल्यावर काकांनी अतिशय गंभीरपणे विचारले, ‘मग कोणत्या बाजूने मॅचिंग देऊ?’ इतका अचूक प्रश्न मला प्रकाशाच्या धड्यावर आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही.

म्हटले, निर्णय लोकशाही पद्धतीने घ्यावा, म्हणून तीन तागे पदराशेजारी मांडून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. फोनचा कॅमेरा उजेडाचा रंग आपल्या मनाने ठरवतो, पडदा तो तीन रंगांच्या ठिपक्यांनी पुन्हा रंगवतो आणि बघणारी व्यक्ती ज्या खोलीत बसली असेल त्या खोलीचा दिवा शेवटचा हात मारतो. 2015 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने काढलेल्या ड्रेसच्या फोटोवरून निम्मे जग ‘निळा-काळा’ आणि निम्मे ‘पांढरा-सोनेरी’ म्हणून भांडले होते. ड्रेस निळा-काळाच होता. ज्यांनी तो सावलीत आहे असे मनात धरले, त्यांच्या मेंदूने निळेपणा वजा करून टाकला. आमच्या ग्रुपवर त्या भांडणाची घरगुती आवृत्ती निघाली. आईला डावीकडचा पसंत, वहिनीला उजवीकडचा, मावशीने तिन्ही नापसंत करून स्वतःच्या लग्नातल्या शालूचा फोटो पाठवला आणि भावाने ‘मला सगळे करडेच दिसतायत’ असे लिहिले. त्याचे खरे होते. लाल-हिरव्याच्या शंकुपेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात, पुरुषांना ते एकच मिळते, त्यामुळे बिघाड झाला तर बदली प्रत नसते, आणि अशा डोळ्यांना निळसर हिरवा हा करड्यासारखाच दिसतो. त्याने हे आधी सांगितले असते तरी काम माझ्याचकडे आले असते, हे वेगळे सांगायला नको.

या काथ्याकुटात संध्याकाळ झाली. सांजेला शंकुपेशी ढेपाळतात आणि मंद उजेडात चालणाऱ्या दंडपेशींचा अंमल सुरू होतो. या पेशींना रंग कळत नाही आणि तांबडा प्रकाश तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे शेजारच्या बाईंच्या हातातली डाळिंबी साडी काळवंडत चालली आणि माझी मोरपंखी उगीचच उजळली. पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाने हा चमत्कार दोनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवला आहे. काकांनी तो न वाचताच, ‘आता दारात बघण्यात अर्थ नाही, हा न्या, हा सगळीकडे चालतो,’ असे म्हणून मधला तागा कापला.

पीस उन्हात चांगला जुळला, शिंप्याने ब्लाउज वेळेत दिला आणि आईने गॅलरीत उभे राहून तो मान्यही केला. लग्नाच्या संध्याकाळी स्वागत समारंभाला व्यासपीठावर रंग बदलणारे दिवे लावले होते. ते तांबडे असताना आईने खाली बघितले आणि माझ्या दंडाला धरून विचारले, ‘ब्लाउज काळा का गं आणलास?’ निळसर हिरवे कापड तांबडा प्रकाश गिळून टाकते, त्याने परत पाठवावे असे त्या प्रकाशात काहीच नसते, हे मी सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात दिवे हिरवे झाले, वहिनीचा राणी कलरचा शालू डोळ्यांदेखत काळा पडला आणि वहिनी माझ्याकडे बघू लागल्या, कारण त्याचे मॅचिंगसुद्धा मीच आणले होते.