छोटा हत्ती घेताय? मग इंजिनिअरचं अजिबात ऐकू नका

मालवाहतुकीच्या धंद्यात उतरायचं ठरवलंत? उत्तम. छोटा हत्ती, म्हणजे टाटा मोटर्सची ‘एस’ ही छोटी मालगाडी, घ्या. पथ्य एकच: टाटांच्या इंजिनिअर लोकांनी जे जे डोकं लावून केलं, ते ते गाडी दारात लागल्याबरोबर उलटं करायचं.

त्यासाठी त्यांनी काय केलं ते माहीत हवं. 2000-01 साली कंपनीला 500 कोटींचा तोटा झाला होता, मोठ्या ट्रकचा बाजार बसला होता. कंपनीतले इंजिनिअर गिरीश वाघ यांची टीम तीनचाकीवाल्यांशी बोलत हिंडली. मोठ्या ट्रकला दिवसा शहरात बंदी, तीनचाकी हायवेवर डुगडुगते. मधली गाडीच नव्हती. शिवाय चार चाकं असली की पोराला स्थळं बरी येतात, हेही म्हणे याच गप्पांत कळलं. (मार्केट रिसर्चवर पैसे उधळणाऱ्यांनी आधी एखाद्या वधूवर सूचक मंडळात बसून पाहावं.) मग टाटांच्याच इंडिका मोटारीच्या 1405 सीसीच्या डिझेल इंजिनाचं निम्मं करून दोन सिलिंडरचं, 702 सीसीचं, 16 अश्वशक्तीचं इंजिन बेतलं. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास ठेवली आणि मे 2005 मध्ये ‘टाटा एस’ बाजारात आणली. क्षमता 750 किलो.

आता तुमचं काम सुरू. हा 750 चा आकडा आरसीबुकात छान दिसतो, तो तिथेच राहू द्या. शोरूममधून गाडी थेट पाटेवाल्या मिस्त्रीकडे न्या. मागे दोन-दोन पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जादा चढवा, हौद्याला वरून जाळी ठोकून उंची वाढवा. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या भरताना हमालाने ‘बास का, मालक?’ असं विचारलं, तर तो त्याचा नवखेपणा समजा. पुढची चाकं जमिनीला टेकलेली आहेत ना, मग अजून जागा आहे. मागचे टायर बसके दिसले तर हवा मारा, माल उतरवू नका. वजनकाटा दिसला की दुसरा रस्ता धरा.

घाटात 16 घोड्यांकडून दीड टन ओढून घ्यायचा तर पहिला गिअर टाकून निवांत बसा. मागे रांग लागते, लागू द्या. हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी फाळक्यावर ‘आईचा आशीर्वाद’ रंगवलेला असतोच.

केबिनमध्ये ड्रायव्हर आणि आणखी एक, अशी त्यांची कल्पना. तुम्ही तिघं बसा, चौथ्याला गिअरच्या दांड्याशी तिरका बसवा. बाकीचे गोण्यांवर. माणसांसाठी कंपनीने 2007 साली ‘मॅजिक’ नावाची वेगळी गाडी काढली, हा पैशांचा शुद्ध अपव्यय. मिरवणुकीच्या दिवसांत हौद्यात जनरेटर चढवा, त्यापुढे टपापेक्षा उंच स्पीकरची भिंत रचा. गाडी अरुंद गल्लीत सहज वळावी म्हणून किती आटापिटा केला त्या लोकांनी! त्याच गल्लीत ती रात्री दहापर्यंत आडवी उभी करा.

बाजाराचं मात्र ऐका. दोन वर्षांच्या आत लाखभर गाड्या खपल्या, पुण्याबरोबर पंतनगरलाही कारखाना उभा राहिला. मग महिंद्राचा मॅक्सिमो आला, 2011 मध्ये अशोक लेलँडचा दोस्त, पुढे महिंद्राचाच जीतो, 2016 मध्ये मारुतीची सुपर कॅरी. 2017 पर्यंत वीस लाख हत्ती रस्त्यावर आले होते. म्हणजे तुमच्या नाक्यावर भाड्याची वाट बघणारे आधीच पुष्कळ आहेत. तेव्हा पलीकडचा आठशे म्हणाला की तुम्ही सातशे म्हणा, तो सहाशेवर आला की पाचशे. डिझेल, टोल आणि बँकेचा हप्ता आपापली सोय बघतील. नाहीतर मालगाड्या बुक करायचं ॲप डाउनलोड करा. तिथे भाडं कमी करायचे कष्टसुद्धा तुम्हाला पडत नाहीत.

अलीकडे विजेवरची एसही आली आहे, 2022 पासून. पहिल्या मॉडेलची क्षमता 600 किलो, एका चार्जमध्ये 154 किलोमीटरचा दावा. मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांनी त्यासाठी करार केले म्हणून तुम्ही बिचकू नका. मी आमच्या पाटेवाल्या मिस्त्रीला विचारून ठेवलंय, विजेच्या गाडीलाही दोन पाटे जादा बसतील का म्हणून. तो म्हणाला, ‘गाडी तर आणा.’