तेहतीस इंचांचा आरसा

मे महिन्यात भाचीचं लग्न. त्यासाठी बायकोने करवतकाठी टसर घेतली आणि ती नेसून अंगभर बघता यावी म्हणून पाच फुटी आरसा आणायचं ठरलं. ठरलं म्हणजे मला सांगण्यात आलं. आता दहावीला भूमितीत बरे मार्क पडलेला माणूस गप्प बसतो होय?

"अंगभर दिसायला उंचीच्या निम्मा आरसा पुरतो," मी म्हणालो आणि विजेच्या बिलामागे आकृती काढली. आपण सपाट आरशाच्या जितके पुढे, प्रतिमा तितकीच मागे. डोळ्यापासून प्रतिमेच्या अंगठ्यापर्यंत रेघ ओढली, की ती बरोबर अर्ध्या वाटेवर आरसा गाठते. माझी उंची ६६ इंच, डोळे ६२ वर. म्हणजे खालची कड ३१ वर, वरची ६४ वर. आरसा ३३ इंच. पैसे वाचले!

इतवारीतल्या काचवाल्याने कटर खाली ठेवला. "अर्धाच काऊन नेऊन राहिले, भाऊ?" मी त्याला सांगितलं, की आरशावरून परततानाही प्रकाश सगळ्यात आखूड वाट धरतो, हे अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकातच दाखवलंय. "तुम्ही आखूड आरसा धरा," तो म्हणाला आणि पैसे मोजून घेतले.

भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून, आरसा मांडीवर घेऊन पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसलो. आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट कोनातून उन्हाचा झोत फिरतो, हा नियम मला पाठ होता. सीताबर्डीच्या सिग्नलला उभ्या असलेल्यांना तो त्या दिवशी कळला. त्यांनी काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

आरसा टांगला. भांगापासून अंगठ्यापर्यंत मी पुरता दिसलो. मग बायको साडी नेसून आली.

"अहो, काठ कुठाय?"

ती पाच फूट, डोळे ५६ वर. ३१ ची दुप्पट ६२, त्यातून ५६ गेले, उरले सहा. जमिनीलगतचे सहा इंच गायब, आणि या साडीचा सगळा तोरा त्या करवतीच्या दात्यांत!

"जरा मागे हो," मी म्हणालो. ती मागे सरकत सरकत कुलरला टेकली. तेच सहा इंच. आरसा सरळ उभा असला, की मागे सरकून काही उपयोग नसतो, हे माझीच आकृती सांगत होती.

"तुमच्या त्या आकृतीत मी कुठे आहे?" तिने विचारलं.

नव्हतीच. आणखी तीन इंच घेतले असते, २८ पासून ६४ पर्यंत, तर दोघंही मावलो असतो.

आई देवाजवळ दिवा लावून येत होती. तिने आमच्याकडे एकदा बघितलं, हातातली काडेपेटी उभी करून आरशाच्या वरच्या कडेमागे खोचली. आरसा दोन बोटं पुढे झुकला. पाच फुटांवरून काठ दिसला, पाय दिसले, जोडवीसुद्धा दिसली. "आमच्याकडे आरसा असाच टांगत," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

नंतर त्याच जागी उभा राहून मी भांग पाडायला गेलो. आरशात बनियनमधला एक गृहस्थ होता; मिशीच्या वर त्याला काहीच नव्हतं. मी काडेपेटी काढायला हात वर केला.

"लग्न होईपर्यंत राहू द्या," मागून आवाज आला.