'कुणाच्याही मदतीशिवाय' शिकलेले बाबासाहेब: एका फॉरवर्डचा समाचार

दर एप्रिलला हा मेसेज नव्यानं उगवतो. निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचा कोटातला फोटो, त्याखाली ३२ पदव्या, ९ भाषा, ६४ विषय, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या यादीत जगात पहिला नंबर, 'डॉक्टर ऑल सायन्स'. आणि हे सगळं वाचून छाती फुगली की शेवटी ठळक अक्षरांत टोमणा: "त्यांना ना आरक्षण होतं, ना शिष्यवृत्ती, ना कुणाची मदत. शिकले आणि जात मागे पडली. त्यांचा खरा सन्मान करायचा असेल तर कुबड्या फेका."

एरवी मी असले मेसेज न वाचता डिलीट करतो. यंदा तो माझ्या चुलतभावाच्या मुलाच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर पोचला. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. रात्री त्याचा फोन. "काका, शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा फॉर्म भरू का नको? रूममधली पोरं म्हणतात बाबासाहेबांनी पण घेतली नव्हती." उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बापानं मजुरी बुडवून तहसीलला खेटे घातलेत, आणि पोरगा फॉर्म भरायला लाजतोय. तेव्हा आता गप्प बसणं होत नाही.

आधी आकड्यांच्या लोणकढ्या थापा उरकून घेऊ. ३२ पदव्या मला आजवर कुणी मोजून दाखवलेल्या नाहीत. मुंबई विद्यापीठाची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडनची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी. कोलंबियानं १९५२ साली आणि उस्मानियानं १९५३ साली दिलेल्या मानद पदव्या धरल्या तरी दोन हातांची बोटं पुरतात. 'डॉक्टर ऑल सायन्स' नावाची पदवी लंडनला नव्हती आणि नाही. ती अर्थशास्त्रातली डी.एस्सी. होती. ती 'आठ वर्षांचा अभ्यास सव्वादोन वर्षांत' करून मिळाली, हेही खोटं. प्रवेश १९१६ चा, पदवी १९२३ ची, आणि मधला खंड का पडला ते पुढे येतंच. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध परीक्षकांनी एकदा फेरफारासाठी परत पाठवला होता. बाबासाहेबांनी दुरुस्त करून पुन्हा दिला. कोलंबियाची 'जगातल्या १०० विद्वानांची यादी' तर निव्वळ कल्पित. त्या विद्यापीठानं २००४ साली आपल्या अडीचशेव्या वर्षानिमित्त काळाच्या पुढे असलेल्या माजी विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची नावं निवडली. त्यात बाबासाहेब आहेत. नंबर कुणालाच दिलेला नाही.

६४ विषयांत मात्र थोडं तथ्य निघतं. कोलंबियाच्या रजिस्ट्रारकडच्या नोंदींप्रमाणे त्यांनी तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले, वर प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन एकेक. बेरीज ६०. आकडा बहुधा इथूनच फुगला असावा. खरी यादीच एवढी दमवणारी असताना वर मीठमसाला कशाला, हे मला कळत नाही.

आता त्या टोमण्याकडे. 'आरक्षण नव्हतं' हे खरं आहे, मान्य करून टाकतो. १९०७ साली मुंबईत मॅट्रिक झालेल्या महाराच्या पोराला कॉलेजात राखीव जागा वगैरे काही नव्हती. अभ्यासही त्यांचा त्यांनीच केला. वडील सैन्यात सुभेदार आणि सैनिकी शाळेत मास्तर, त्यामुळे घरात अक्षरओळख होती, हेही खरं. पण 'ना शिष्यवृत्ती, ना मदत' हे वाक्य लिहिणाऱ्यानं बाबासाहेबांचं एकही चरित्र उघडलेलं नाही, हे मी लिहून देतो.

परळच्या चाळीत राहत असताना भीमरावांना पुस्तकं हवी असली की सुभेदार रामजी आपल्या लग्न झालेल्या लेकींकडे जायचे. एकीकडून पैसे नाही मिळाले तर दुसरीकडे, आणि पैसे नसतील तर तिचा दागिना गहाण टाकायला मागून आणायचे. पेन्शन आली की सोडवून परत. ही आठवण खुद्द बाबासाहेबांची आहे. म्हणजे या माणसाच्या शिक्षणाला पहिली मदत त्याच्या बहिणींच्या अंगावरच्या दागिन्यांची होती. मेसेजमध्ये त्यांना जागा नाही.

मग केळुसकर गुरुजी. विल्सन हायस्कूलचे कृष्णराव अर्जुन केळुसकर बागेत वाचत बसलेल्या या मुलाला हेरतात, पुस्तकं देतात, आणि वडिलांच्या खिशाला कॉलेज झेपेना तेव्हा त्याला सयाजीराव गायकवाडांपुढे नेऊन उभं करतात. महाराजांनी महिना २५ रुपये मंजूर केले. एल्फिन्स्टन कॉलेजची वर्षं त्यावर निघाली. १९१३ साली अमेरिकेला जायला पुन्हा बडोद्याचीच शिष्यवृत्ती: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. सहीशिक्क्यासह. याला आपण आज 'बाँडसह स्कॉलरशिप' म्हणतो.

आणि ती शिष्यवृत्ती संपल्यावर काय झालं? 'कुबड्या'वाल्यांनी इथे जरा थांबावं. १९१६ साली बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे दाखल झाले. १९१७ मध्ये बडोद्यानं मुदत संपल्याचं कळवलं आणि सगळं अर्धवट टाकून त्यांना बोटीत बसावं लागलं. बुद्धी तीच, अठरा तास बसण्याची बैठक तीच, शिफारस करणारे प्राध्यापक तेच. फक्त पैसे थांबले, आणि शिक्षण तीन वर्षं ठप्प. युनिव्हर्सिटीकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत त्यांनी मागून घेतली, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पै-पै साठवली, थोडी मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली, आणि पाच हजार रुपये नवल भथेना या पारशी मित्रानं उसने दिले. तेव्हा कुठे १९२० साली पुन्हा लंडन. तिथे सकाळी पावाचा तुकडा आणि बोव्हरिलचा (मांसाच्या अर्काच्या पेयाचा) कप, रात्री पापड, हे हाल खरेच आहेत, मेसेजवाले ते बरोबर सांगतात. पण हाल सोसता येतील इथवर पोचवायला सुद्धा एक शिक्षक, दोन राजे आणि एक मित्र लागले.

'ठीक आहे, त्यांनी घेतली, पण इतरांनी घ्यावी असं ते थोडंच म्हणाले' असं कुणी म्हणेल. म्हणाले. लेखी म्हणाले, आणि थेट व्हाइसरॉयला. २९ ऑक्टोबर १९४२ चं निवेदन आहे, अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयीचं. महाराष्ट्र शासनानं छापलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात ते सापडतं. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यात त्यांनी सरकारकडे मागितलं: विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीसाठी वर्षाला २ लाख, आणि त्याच विषयांसाठी परदेशी पाठवायला वर्षाला १ लाख.

त्यामागचा त्यांचा मुद्दा आज वाचताना अंगावर येतो, इतका तो आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना लागू पडतो. कला आणि कायद्याचं शिक्षण घेऊन या समाजाची फारशी उन्नती होणार नाही, त्यांना वर काढेल ते विज्ञानाचं आणि तंत्राचं उच्च शिक्षण. आणि त्याचा खर्च तर त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे, म्हणून तो सरकारनं उचलावा. स्वतः डॉक्टरेट मिळवलेला माणूस इथे असं म्हणत नाही की मी पापड खाऊन शिकलो, तुम्हीही शिका. आपल्या वाट्याला आले ते हाल पुढच्याच्या वाट्याला येऊ नयेत, याचा तो रुपयांत हिशेब मांडतोय. याच निवेदनात सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांचीही मागणी आहे, आणि १९४३ साली ८.३३ टक्के जागा मंजूर झाल्या. आपण आज जिला पोस्ट-मॅट्रिक म्हणतो ती केंद्राची शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. म्हणजे पुतण्या ज्या फॉर्मला लाजतोय त्याचं मूळ त्या फोटोतल्या माणसाच्या अर्जापाशी जातं. त्याच फोटोखाली 'कुबड्या फेका' छापायला निगरगट्टपणा लागतो.

'शिकले आणि जात मागे पडली' हे त्यातलं दुसरं विष. कोलंबियाहून परतलेला हा विद्वान करारानुसार १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाला, तर शहरात राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानं काखा वर केल्या, आणि रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत कमाटी बागेत बसून राहण्याची वेळ आली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढच्याच वर्षी सिडनहॅममध्ये प्राध्यापक झाले, तर प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी घेण्यावर सहकाऱ्यांची हरकत. शिकल्यावर जात विचारत नाहीत म्हणे!

मेसेजमध्ये लंडनची बोट परत आली की थेट राज्यघटना येते. मधली शिक्षणातली अख्खी कारकीर्द गायब, आणि मला यात योगायोग वाटत नाही. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि पुढच्याच वर्षी तिचं सोलापुरात वसतिगृह सुरू झालं. १९३५ ते १९३८ ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, युद्धकाळातल्या लष्करी बराकींत. नोकरी करणाऱ्या पोरांना कामावर जायच्या आधी तास करता यावेत म्हणून सकाळचे वर्ग. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय, कारण निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात खेड्यातल्या पोरानं शिकायला जायचं कुठे हा प्रश्न होता. आणि कॉलेजाच्या जोडीला वसतिगृह, कारण गावाकडून आलेल्या दलित मुलाला शहरात खोली कोण देणार, हे बडोद्यात बघून झालं होतं.

त्या मिलिंदमधून अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात बी.ए. झाले, पुढे जेएनयूत प्राध्यापक झाले आणि २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. उद्या त्यांच्या फोटोखालीही कुणी 'स्वतःच्या हिमतीवर' एवढंच छापेल. तेव्हा मिलिंद कुणी काढलं आणि कशासाठी, हे विचारा.