नागरिक मंच चालवा, काम मात्र होऊ देऊ नका

नागरिक मंच काढणं फार सोपं असतं. पाणी तीन दिवस आलं नाही, किंवा नव्या रस्त्यावर पहिल्याच पावसात गुडघाभर खड्डा पडला, की चाळीस माणसं न बोलावता जमतात. कसब लागतं ते पुढे. ही चाळीस माणसं वर्षभरात चारवर आणायची, आणि तरीही मंच जोरात चालू आहे असं शहराला वाटत राहिलं पाहिजे. बहुतेक मंचांना हे उपजतच जमतं. तुम्हाला जमत नसेल तर पुढचं नीट वाचा.

पहिल्या बैठकीत प्रश्न ठरवू नका, पदं ठरवा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सरचिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, प्रसिद्धीप्रमुख, आणि उरलेले सगळे सल्लागार. ही नावं लेटरहेडच्या डाव्या बाजूला छापली की मजकुराला उजवीकडे जेमतेम अर्धं पान उरतं, तेवढं पुरे. उद्दिष्ट लिहा, 'प्रभागाचा सर्वांगीण विकास'. तो झाला की नाही हे कुणालाच कधी सांगता येत नाही, ही त्यातली सोय. 'शाळेच्या फाटकासमोर जूनच्या आत झेब्रा पट्टे' असलं काही लिहून बसलात, तर जूनमध्ये लोक खरंच बघायला जातील.

निवेदनात किमान चौदा मागण्या हव्यात. खड्डे, पाणी, डास, भटकी कुत्री, पार्किंग, उद्यानातला मोडका झोका आणि शेवटी उड्डाणपूल. महापालिकेत पथ, पाणीपुरवठा, विद्युत, घनकचरा, उद्यान ही खाती वेगळी आणि त्यांची टेबलंही वेगळी. एका विषयाचा कागद एका टेबलावर जाऊन बसतो आणि तिथल्या माणसाला त्रास देतो. चौदा विषयांचा कागद कुठल्याच टेबलाचा नसल्यामुळे कुणालाही त्रास न देता सुखाने फिरत राहतो. पत्र थेट मुख्यमंत्र्यांच्या नावे लिहा आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून नऊ मान्यवर घाला. काम प्रत्यक्ष ज्याच्या हातात असतं तो क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ किंवा उपअभियंता. त्याचं नाव यादीत येता कामा नये. मंत्रालयातून आयुक्त, आयुक्तांकडून उपायुक्त असं करत 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी' या शेऱ्यासह कागद अखेर त्याच अभियंत्यापुढे येणार आहे. फक्त तोवर पावसाळा उलटलेला असेल.

ठिकाण सांगताना 'मुख्य चौकाजवळ' म्हणा. दिव्याच्या खांबावर रंगाने क्रमांक लिहिलेला असतो. तो तक्रारीत आला की वायरमनला नेमका खांब सापडतो आणि दिवा लागतो, म्हणजे एक मुद्दा हकनाक हातचा गेला. खड्ड्याचा फोटो अगदी जवळून काढा, खड्ड्याशिवाय काही दिसणार नाही असा. मागे दुकानाची पाटी किंवा इमारतीचं नाव आलं तर 'हा कुठला खड्डा?' असं विचारायची अधिकाऱ्याची सोय जाते, आणि बिचाऱ्याला उठून बघायला जावं लागतं.

निवेदन द्यायला शिष्टमंडळच हवं. कागद एक, त्याला लागलेले हात अकरा, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे. साहेबांचे तेवढे घड्याळाकडे. फोटो निघाला, साहेबांनी कागद पेपरवेटखाली सरकवला, की निघा. खाली आवक-जावकच्या खिडकीशी थांबू नका. तिथे दुसरी प्रत पुढे केली की शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मिळतो, आणि मग महिन्याने 'या क्रमांकावर काय झालं?' असं विचारण्याचा मोह होतो. क्रमांकच नसेल तर 'आम्ही दिलं होतं' हे तुम्ही म्हणायचं, 'आमच्याकडे आलेलं दिसत नाही' हे त्यांनी, आणि दोघंही खरं बोलत असता.

माहिती अधिकाराचा धाक अधूनमधून दाखवावा. २००५ चा कायदा आहे, नाव घेतलं तरी वजन पडतं. अर्जात विचारा, 'रस्त्याची ही दुर्दशा का झाली? याला जबाबदार कोण? प्रशासन झोपले आहे काय?' कायद्याला अभिप्रेत असलेली माहिती म्हणजे कागदोपत्री, नोंदीत असलेली माहिती. तुमच्यासाठी नव्याने कारणं शोधून लिहिण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही, त्यामुळे तिसाव्या दिवशी दोन ओळींत सुटका होते, तुमची आणि त्यांची. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो. तुम्ही तीन पानं लिहा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप घरीच राहू द्या. उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्या तीस दिवसांत ग्रुपवर निषेध नोंदवा, मुदत गेली की त्वेषाने नवा अर्ज टाका. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं.

मागायचं नाही ते लक्षात ठेवा. त्या रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि निविदेतली दोषदायित्व कालावधीची अट, हे तीन कागद फार धोक्याचे. कार्यादेशावर ठेकेदाराचं नाव आणि कामाची मुदत असते. दोषदायित्वाचा काळ संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने पदरमोड करून करायची असते, मग 'निधी उपलब्ध नाही' हे महापालिकेचं सर्वांत लाडकं उत्तरच बाद होतं. मोजमाप पुस्तिकेत डांबराचा थर किती जाडीचा टाकला याची नोंद असते, आणि खड्ड्याच्या कडेला थर उघडा पडलेला असतो. शाळकरी पोरगं पट्टी लावून मोजेल. असले पुरावे हाती आले तर आंदोलन करायला कारण उरणार नाही, आणि आंदोलनाविना मंच म्हणजे काय, हे सल्लागारांना विचारा.

वेळापत्रक मात्र काटेकोर पाळा. मंचाची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्याआधी कुठलाही निर्णय नाही. झाड तोडण्याची नोटीस झाडावर चिकटवली जाते, वर्तमानपत्रातही येते, आणि नागरी भागातल्या झाडांसाठीच्या १९७५ च्या कायद्यानुसार हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. नोटीस दहा तारखेला लागली की विषय रीतसर शेवटच्या रविवारच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. त्या दिवशी झाडाच्या बुंध्यापाशी उभं राहून श्रद्धांजली वाहता येते, फोटोही चांगला येतो. विकास आराखड्याचंही तसंच. लेखी हरकत नोंदवणाऱ्याला सुनावणीची संधी मिळते, म्हणून हरकत लिहू नका. सुनावणीच्या दिवशी दाराबाहेर घोषणा द्या.

अंदाजपत्रकाकडे मे महिन्यात वळा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, कामांच्या याद्या आदल्या हिवाळ्यात तयार होतात, तेव्हा मेमध्ये मागितलेल्या पदपथाला 'तरतूद नाही' हे उत्तर अगदी प्रामाणिकपणे देता येतं. पुणे महापालिकेने तर २००६-०७ पासून नागरिकांकडूनच अंदाजपत्रकासाठी कामं मागवायची प्रथा सुरू केली. तिथल्या मंचांनी जास्त दक्ष राहावं. अर्जाची मुदत कधी संपते ते आधी कळलं तर कुणीतरी अर्ज भरून मोकळा होतो.

२०२२ च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळातही माजी नगरसेवकांनाच निवेदनं देत राहिलेल्या मंचांचं कौतुक करावं तेवढं थोडं. सही करायचा अधिकार नसलेल्या माणसाइतका प्रेमाने निवेदन स्वीकारणारा दुसरा कुणी नसतो.

आता मुख्य विषय, सभासद. तक्रारी प्रशासन परस्पर जिरवतं, त्यासाठी तुम्ही नसलात तरी चालतं. सभासद मात्र तुम्हालाच जिरवावे लागतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना न विचारता घ्या. सकाळी सुप्रभात, दुपारी फॉरवर्ड, संध्याकाळी वाढदिवस, आणि मधेच कुठेतरी 'उद्या सकाळी अकराला क्षेत्रीय कार्यालय' हा निरोप. तो ज्यांना दिसला नाही त्यांना 'लोकांना काही पडलेलीच नाही' असं सुनवा. कामासाठी वेगळा छोटा ग्रुप, जिथे फक्त दिवस, वेळ, जागा आणि कोण जाणार एवढंच पडेल, असा काढू नका. तिथे लोक निरोप वाचतात.

बैठक सहाची लावा आणि पावणेसातला सुरू करा. म्हणजे जे वेळेवर येतात, तेच आधी गळतात. पहिली चाळीस मिनिटं मंचाच्या स्थापनेचा इतिहास आणि मागच्या अध्यक्षांनी काय घोळ घातला याचा आढावा. ठराव 'सर्वांनी मिळून पाठपुरावा करावा' या शब्दांत घ्या. 'मंगळवारी अकराला दोघांनी अभियंत्याला भेटायचं आणि रात्री नऊपर्यंत उत्तर ग्रुपवर टाकायचं' असं इतिवृत्तात नावानिशी लिहिलं तर मंगळवारी ती दोघं जातातच, निव्वळ लाजेने.

नवीन माणूस बैठकीनंतर रेंगाळतो. खुर्च्या उचलू लागतो आणि विचारतो, 'मी काय करू शकतो?' हा क्षण फार नाजूक. त्याला सांगा, 'आपलं पाठबळ असू द्या, तीच मोठी मदत.' फार उत्साही वाटला तर कार्यकारिणीत घ्या, म्हणजे दर आठवड्याला चार तास जातील आणि दुसऱ्या महिन्यात त्याची पाठ दुखायला लागेल. मधलं काही देऊ नका. 'आज रात्री साडेआठला तुमच्या गल्लीतून एक चक्कर मारा, बंद दिव्यांचे खांब क्रमांक लिहून पाठवा' हे अर्ध्या तासाचं काम दिलंत तर तो करेल. दोन दिवसांत दिवे लागले तर पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येईल. अशी माणसं वाढत गेली तर निवडणुकीत अध्यक्षपदाला एकाहून जास्त उमेदवार उभे राहतात.

पाणी किती वाजता येतं, किती दाबाने येतं आणि कुठल्या इमारतीला टँकर लागतो याचा हिशेब घराघरांतल्या बायकांकडे तारीखवार असतो. त्यांना मंचाच्या कार्यक्रमात स्वागतगीत आणि रांगोळी ही खाती द्या. पाणीपुरवठ्यावर उपाध्यक्ष बोलतील. त्यांच्याकडे टाकी मोठी आहे, ते शांतपणे बोलू शकतात.

संस्था नोंदवायला मात्र कचरू नका, यात पुढच्या दहा वर्षांची करमणूक आहे. सात माणसं जमवा, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करा. मग दर तीन वर्षांनी नवी कार्यकारिणी निवडा आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देऊ नका. तो नव्वद दिवसांत द्यायचा असतो. त्याला सूचनापत्र, इतिवृत्त, हजेरीच्या सह्या, नव्यांची संमतीपत्रं असं काय काय जोडावं लागतं; इतकी कटकट कोण करतो? तीन निवडणुका अशा काढल्या की कागदावर जुनेच विश्वस्त राहतात, त्यातले एक दिवंगत, एक मुलाकडे परदेशी. बँक नव्या सह्या घेत नाही आणि लेटरहेड दोन होतात. दोन्ही गट एकमेकांच्या निवेदनांविरुद्ध निवेदनं देतात, आणि ती मात्र आवक क्रमांकासकट देतात.

प्रभाग समितीचं नाव काढू नका. शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद करणारी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली, आणि राज्याच्या महापालिका कायद्यात त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी प्रभाग समितीवर घ्यायची तरतूद आहे. त्या जागा रिकाम्या आहेत की कुणाच्या मेव्हण्याने भरल्या, हे विचारत बसलात तर समितीच्या बैठकीत बसून कामांची यादी वाचावी लागेल. घोषणा देण्याची सवय असलेल्या घशाला ते मानवत नाही.

इतकी काळजी घेऊनही कधीतरी दिवा लागतो, खड्डा बुजतो. अशा वेळी ज्याने क्षेत्रीय कार्यालयात सहा खेटे घातले त्याचं नाव कुठेही येऊ देऊ नका आणि अभियंत्याला आभाराचं पत्र पाठवू नका. पुढच्या वेळी तो ओळख दाखवेल. त्याच रात्री फ्लेक्स लावा, शेजारच्या मंचाने लावायच्या आत. 'आमच्या पाठपुराव्याला यश', खाली अकरा चेहरे. परवानगी मागू नका. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, पण तो पक्षवाल्यांसाठी, आपण नागरिक. फ्लेक्स दिव्याच्या खांबाला सुतळीने घट्ट बांधा, आणि थोडा खाली घ्या, म्हणजे रंगवलेला खांब क्रमांक पूर्ण झाकला जाईल.